आडव्याजवळ कुणीतरी बसायचं

माझ्या धाकट्या भावाचा खेळ बंद करायचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून त्या रविवारी दुपारी त्याच्यासोबत खेळणाऱ्या दोघांना मीच घरी बोलावलं. एक त्याची कॉलेजची मैत्रीण, पंचवटीत एका पतसंस्थेत कामाला. दुसरा देवळाली कॅम्पचा, शाळेत गणित शिकवतो आणि बोलतोही गणितातच. दोघं आले, सोफ्याच्या कडेला टेकले आणि माझ्याकडे बघायचं टाळत राहिले. मला त्याचंही काही वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. रामकुंडावर भावाचं दहावं झालं तेव्हा सगळे रडत होते आणि मी लोकांच्या चपला सांभाळत उभी होते. भाजीत मीठ नाही हेसुद्धा मला दुसऱ्यांनी सांगावं लागायचं.

खेळ म्हणजे पत्ते-कॅरम नव्हे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि मारामारी आली की फासे टाकतात. प्रत्येकाचा जीव आकड्यात. वार बसला की आकडा उतरतो, शून्य झाला की खलास. गोष्ट सांगायचा भाऊ. मी आधी नुसते पोहे करून द्यायचे आणि "एवढे घोडे झालात, फासे काय खेळता" म्हणून ओरडायचे. मग एक दिवस कुणी आलं नाही म्हणून जागा भरायला बसले, ती बसलेच.

पुस्तकातल्या नियमात शून्य म्हणजे मेला. पण आमच्या गणितवाल्याने नुसता हैदोस घातला होता. नाक्यावरचा शिपाई मारला, भाडं मागणारा धर्मशाळेवाला मारला, एकदा तर बिचारा रस्ता सांगणारा म्हातारा. भाऊ वैतागला आणि त्याने घरचे नियम केले. शून्य झाला की माणूस मरत नाही, आडवा होतो. मारायचाच असेल तर फासा उचलायच्या आधी, सगळ्यांदेखत, तोंडाने म्हणायचं, "मी याला जिवे मारतोय." नंतर म्हटलेलं चालणार नाही. गंमत म्हणजे असं मोठ्याने म्हणायला गणितवाल्याचीसुद्धा जीभ रेटेना. दुसरा नियम, आडव्याजवळ कुणीतरी आपला डाव सोडून बसायचं. जवळ कुणी बसलंय तोवर तो मरत नाही, सगळे सोडून गेले तर मात्र गेला. आणि शुद्धीवर येणारा, चोर असो की राक्षस, डोळे उघडून एकच विचारायचा, "किती वाजले?" भाऊ ते अशा झोपाळू आवाजात म्हणायचा की आम्ही हसून हसून लोळायचो. बसलेल्याने घड्याळात बघून खरी वेळ सांगायची, मग तो उठून बसायचा.

इथल्याच द्वारका चौकात भावाची गाडी घसरली. डोक्याला लागलं. आयसीयूत तो आडवा आणि मी शेजारी. नर्स बाहेर काढायची, मी परत आत. लोक म्हणायचे, घरी जाऊन जरा पाठ टेका. मी हलले नाही. एरवी मी घड्याळ घालत नाही, तेव्हा मनगटाला बांधून बसले होते. तो विचारेल तेव्हा सांगता यावं म्हणून. वेडेपणा, दुसरं काय! त्याने विचारलं नाही. मी जवळ बसलेली असतानाच तो गेला.

मला त्याचा राग आला होता. स्वतःच नियम करायचे आणि स्वतःच मोडायचे. तेवढा राग होता, बाकी सगळं सुन्न.

तर त्या दुपारी मी दोघांना म्हटलं, "गेल्या वेळी थांबलो तिथून घ्या. गोष्ट मी सांगते. आज एक घाव दोन तुकडे करून टाकू." थांबलो होतो ते एका घाटात. एक दरोडेखोर आडवा पडलेला आणि मैत्रीण त्याच्याजवळ बसलेली. मी म्हटलं, "दरोडेखोर मेला. तुम्ही घाट उतरलात. संपलं."

"ताई, असं नाही करता येत," गणितवाला म्हणाला. "आधी म्हणावं लागतं."

"मग म्हणते. मी याला जिवे..."

"तुम्ही नाही. ज्याचा वार, त्याने म्हणायचं. वार माझा होता आणि मी म्हटलंच नव्हतं."

मी मैत्रिणीकडे वळले. "मग तू ऊठ बाई तिथून. तू उठलीस की सुटला तो."

"मी नाही उठणार, ताई."

"अगं, खेळ आहे तो!"

"असू दे."

माझं डोकंच फिरलं. "बसून काय होतं गं? मी बसले नव्हते का? काय झालं बसून?"

खालून भंगारवाला ओरडत गेला. तिचे डोळे भरले होते. मीही हट्टाला पेटले.

"पुढचा डाव. काय करतेस?"

"बसते."

"त्याच्या पुढचा?"

"बसते."

गणितवाला फासा मुठीत धरून जमिनीकडे बघत होता. ही पोरगी दिवेलागणीपर्यंत बसेल, उद्याही येऊन बसेल, हे मला कळून चुकलं. दरोडेखोराला मरायला वाटच उरली नव्हती. आता त्याला उठवायचं तर ते वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि गोष्ट सांगणारी मी होते.

मी डोळे मिटून म्हटलं, "किती वाजले?"

भावासारखं जमलं नाही. माझाच आवाज निघाला, फाटका.

तिने मनगट वळवून बघितलं. "सव्वापाच," ती म्हणाली.

आणि मला रडू फुटलं. इतकं की गणितवाला घाबरून पाणी आणायला स्वयंपाकघरात धावला आणि तिथे त्याने काहीतरी पाडलं. मैत्रीण उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पुढचा डाव मी सोडलाय, ताई."