बाईंचे टमाटे

"मोठ्या बाई गेल्या," असं गावाकडून आलेल्या सालगड्यानं दारातच सांगितलं आणि मी त्याला काय विचारावं? जेवलास का. माणूस गांगरलं की असंच काहीबाही बोलतं. महिना झाला त्याला. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, हिंगोलीत रोज नवी बातमी. त्यात आमच्या घरची ही बातमी कुणाच्या लेखी असणार? बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. जवळा बाजारपासून कोसभरावरच्या खेड्यात आम्ही दोघींनी बारा वर्षं एका चुलीवर रांधलं. तेवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एकदाच खोटं बोलले, आणि ते एकच पुरलं.

बाईंचं माहेर वऱ्हाडातलं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं पदराच्या गाठीत टमाट्याचं बी बांधून दिलं होतं. विहिरीच्या थारोळ्याकडेला, मोटेचं पाणी पडतं तिथं, त्यांनी ते लावलं. फळ लहानसं, चपटं, अंगावर खाचा असलेलं. पण आंबटगोड असं की जिभेवर घोळत राहायचं. सासूबाई त्याला विलायती वांगं म्हणत. चिरलं की मांसावानी दिसतं, म्हणून चुलीपाशी येऊ देत नसत. मग दुरडी गोठ्याच्या माळ्यावर, आणि आम्ही दोघी जावा गोठ्यात बसून मीठ लावून भाकरीशी खायचो. मी चार बुकं शिकलेली, मला वाटायचं लाल दिसलं की पिकलं. बाई हसायच्या. "रंगाला काहून भुलतीस? देठापाशी नाक लाव. वास आला तर खरं, न्हाई तर नुसतं पाणी." फळ हाताला जड लागलं पाहिजे. पाडाला आलं की तोडायचं, ज्वारीच्या भुसकटावर देठाची बाजू खाली करून मांडायचं, एकाला दुसऱ्याचं अंग लागू द्यायचं नाही. माठाजवळ तर मुळीच नाही, गारव्यानं चव मरते. मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, एवढं काय, टमाटेच तर आहेत.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची आई गेल्याचा निरोप आला. निघताना त्यांनी मला माळ्यावरची दुरडी दाखवली. "हे बियाचे हायेत. झाडं तर वाळून गेली. तू हात लावू नको सरू, मी आल्यावर बघते." पंधरा दिवस झाले तरी बाईंचा पत्ता नाही, आणि फळं अजून अर्धी कच्ची. मला वाटलं, परत येतील तेव्हा सगळी लालबुंद करून दाखवू, दुःखातल्या माणसाला तेवढंच बरं वाटेल. माझ्या माहेरी आंब्याची अढी घालायचे, तशी मी टमाट्याची घातली. खाली गवत, वर सगळी फळं एकावर एक, पुन्हा गवत, त्यावर पोतं. चार बुकं शिकलेल्या बाईची अक्कल! पाचव्या दिवशी पोतं उचललं तर आत नुसता लगदा, वास नाकातून जाईना. लाजेनं माझा जीव अर्धा झाला. गवतासकट सगळं नेऊन ओढ्यात टाकलं आणि दुरडी घासून उपडी घातली.

त्याच दिवशी, दिवस कलताना, बाई आल्या. पाय धुतले आणि आधी माळ्यावर चढल्या. मी खालूनच म्हणाले, "बाई, माकडांनी नेले सगळे."

त्या शिडीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "एखादं सडकं, चिरडलेलं तरी राहिलं असंल की. बी तर सडवूनच काढतेत. दोन दिवस आंबवायचं, धुवायचं, राखेत वाळवायचं."

तेव्हा उजेड होता. ओढा हाकेवर होता, आणि पाण्यातल्या दगडांना तो लगदा अजून चिकटलेला होता. एक शब्द बोलले असते तर दोघी पदर खोचून गेलो असतो. मी म्हणाले, "न्हाई हो बाई, एकबी न्हाई."

"भाऊ म्हणला, आईचा मळा बटईनं दिला, टमाट्याच्या जागी आता मिरची लावली," एवढंच बोलून त्या खाली उतरल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. शनिवारी मारुतीचा वार म्हणून माकडांसाठी भिंतीवर भाकरी ठेवायच्या, ती मात्र बंद केली. लोकांना नवल वाटायचं, एवढी देवभोळी बाई अन् माकडाला दगड काहून मारते? मी खाली मान घालून भाकऱ्या थापायचे. पुढं दर बाजाराला त्या माळणीच्या पाटीतला टमाटा उचलायच्या, देठ नाकाशी न्यायच्या आणि परत ठेवायच्या. माळीण वैतागायची. बराबर आहे, घेत तर कधीच नसत.

मालकांना हिंगोलीत काम मिळालं, आमची चूल वेगळी झाली. या दिवाळीला गेले तेव्हा बाईंनी अंथरूण धरलेलं होतं. मी त्यांचे पाय दाबत बसले. घरात दुसरं कुणी नव्हतं. धीर करून म्हणाले, "बाई, एक सांगायचंय तुमाला."

त्यांनी डोळे उघडले. "सांग की."

किती निवांत बघत होत्या माझ्याकडं... आता सांगून यांना काय मिळणार, असं मी मनाशी म्हणाले. खोटं होतं ते. मला भ्या वाटलं, दुसरं काही नाही.

"पाणी देऊ का, म्हणलं."

"दे," बाई म्हणाल्या.