चिंचेनं घासलेली बिजागरी

नागपूरहून निघण्याआधी मी भाचीला फोनवर बजावलं होतं, की येताना रेल्वे आणि जातानाही रेल्वेच. साठी उलटली तरी मी विमानात पाय ठेवलेला नव्हता. माझी भाची मृण्मयी नवी मुंबईत विमानाचे सुटे भाग बनवते आणि तिची सख्खी मावशी विमानाला घाबरते, यावरून घरात माझी यथेच्छ टिंगल होते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि परतीचं विमानाचं तिकीट काढून मोकळी झाली. जाताना काहीतरी पोटदुखीचं निमित्त काढू, असं ठरवून मी गाडीत बसले.

ठाण्याला जावई प्रथमेश घ्यायला आला होता. बेलापूर रस्त्याला लागलो तशी एका बाजूला डोंगरांची रांग आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या उंच इमारती सुरू झाल्या. मधल्या फटींतून खाडीकाठची खारफुटी अधूनमधून दिसत होती. नेरूळच्या जुन्या गावठाणात त्यांचं चार मजली घर आहे. प्रथमेशचे वाडवडील इथलेच, भातशेती आणि मासेमारी करणारे. जमीन शहरात गेली, खाडी आणि जिभेची चव मात्र राहिली.

ती चव दारातच भेटली. विहीणबाईंनी, म्हणजे मृण्मयीच्या सासूबाईंनी, जिताडं (खाडीतला एक मोठा मासा) रांधलं होतं. सोबत तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. आम्ही नागपूरची माणसं तिखटाचा मोठा तोरा मिरवतो. माझा पहिल्याच घासाला उतरला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी दुसरी वाटी मागितली, त्यावर विहीणबाई खूश झाल्या.

जेवताना मृण्मयी तिच्या धंद्याचं सांगत होती. मोठी प्रवासी विमानं बनवण्यात जगात दोघींचंच राज्य, एक अमेरिकेतली कंपनी आणि एक युरोपातली. आता चीननंही तिसरं पान मांडलं आहे. विमानांना मागणी इतकी, की विमान कंपन्यांना वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. म्हणून या बड्या कंपन्या सुटे भाग बनवणारे हात जगभर शोधत असतात. मृण्मयी बरेच दिवस नुसते नमुने बनवून पाठवत होती. आता विमानात प्रवाशांच्या डोक्यावर असतो त्या सामानाच्या कप्प्याची बिजागरी बनवायला तिला मिळाली होती. दुसऱ्या दिवशी युरोपातून तपासनीस बाई येणार होत्या. पहिली बिजागरी पास झाली तर पुढची कित्येक वर्षं काम, नाहीतर ते मोरोक्कोतल्या एका कारखान्याकडे जाणार. एवढं बोलून झाल्यावर मृण्मयीला जेवण गेलं नाही.

सकाळी आम्ही तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या गाळ्यावर गेलो. न्हावा शेव्याच्या बंदरात उतरलेले ॲल्युमिनियमचे ठोकळे तिथे रचून ठेवले होते. यंत्र अख्खा ठोकळा कोरून काढतं आणि त्यातून तळहाताएवढी बिजागरी बाहेर येते. बाकीचा बहुतेक ठोकळा भुसा होऊन खाली पडतो. मोजमापाची खोली तर फ्रिजसारखी थंड. तिथल्या यंत्राच्या सुईला टोकाशी माणकाचा बारीक मणी असतो आणि तो बिजागरीला हळूच शिवून तिची मापं घेतो. मी शाल गुंडाळून ते कौतुकानं बघत राहिले.

मग मृण्मयीनं पहिल्या बिजागरीची डबी उघडली. आत ती लखलखत होती. मी म्हटलं, “अगं, काय चमकतेय.” मृण्मयीचा चेहरा पांढरा पडला. ती बिजागरी चमकायला नको होती. तिच्यावर राखाडी रंगाचा संरक्षक थर असतो, तो जागोजागी निघाला होता आणि एका भोकात कुंकू अडकलं होतं.

विहीणबाई रोज सकाळी गाळ्यात दिवा लावायला येतात. आज त्या आमच्याआधीच येऊन बिजागरी गावदेवीला दाखवून आल्या होत्या. हळदकुंकू वाहिलं, आणि मग पाहुणी येणार म्हणून देवाची भांडी घासतात तशी चिंच लावून काथ्यानं लख्ख घासली. त्यांनी हे अभिमानानं सांगितलं.

“आभालान जानारी वस्तू हाय ती. देवीला नको दावाला?”

मृण्मयीनं थर निघालेली जागा त्यांना बोटानं दाखवली. आपल्या हातून काय झालं ते हळूहळू त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पायरीवर मटकन बसल्या. मी शेजारी बसून त्यांचा हात धरला. खरं सांगते, मलाही रडू येत होतं.

प्रथमेशनं सुचवलं, की त्याच खेपेतली दुसरी बिजागरी त्या डबीत ठेवू, सगळ्या सारख्याच तर आहेत. मृण्मयी म्हणाली, “डबीवरची मापं हिची आहेत. दुसरी ठेवली तर ते खोटं झालं. मी सांगणार त्यांना.”

तपासनीस एलेनबाई आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मृण्मयीनं त्यांच्या हातात ती चकचकीत बिजागरी ठेवली आणि सगळं सांगितलं, देवी आणि चिंच धरून. त्यांनी बिजागरी उलटीपालटी केली, हुंगली, चिंच म्हणजे काय ते विचारलं. मग इंग्रजीत जे म्हणाल्या, ते प्रथमेशनं मला आणि विहीणबाईंना मराठीत सांगितलं.

“चांगला भाग मला कुठेही बघायला मिळतो. बिघडलेल्या भागाचं तुम्ही काय करता, ते बघायला मी आले होते.”

पण एवढ्यावर सुटका नव्हती. त्यांनी स्वतः दुसरी बिजागरी निवडली आणि सगळी मापं नव्यानं घ्यायला लावली. तो लाल मणी दुपारपर्यंत टकटक करत फिरत होता आणि विहीणबाई बाहेर देवीचं नाव घेत बसल्या होत्या. शेवटचं माप बरोबर निघालं तेव्हा एलेनबाईंनी मृण्मयीचा हात हातात घेतला. माझी पोरगी तिथेच हसत हसत रडायला लागली.

आता नियम असा, की नापास भाग कापून टाकायचा, म्हणजे तो चुकूनही कुठल्या विमानात जात नाही. प्रथमेश करवत घेऊन आईकडे बघत उभा राहिला. देवीला वाहिलेली वस्तू ती.

विहीणबाई उठल्या. “नारल पन फोरतूच ना देवीसमोर. काप.”

त्यानंतर एलेनबाई आमच्याबरोबर हातानं जेवल्या. कालवण फार आवडलं, त्यात आंबट काय आहे म्हणून विचारू लागल्या. तीच चिंच, असं कळल्यावर त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

अर्धी बिजागरी देव्हाऱ्यात गेली, अर्धी मला मिळाली. निघायच्या दिवशी पोटदुखीचं निमित्त काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर तपासणीच्या जवानानं माझ्या पर्समधून तो तुकडा काढला आणि हे काय म्हणून विचारलं. विमानाची बिजागरी आहे, नापास झालेली, असं मी सरळ सांगून टाकलं. विमानात बसायला निघालेल्या बाईनं असं बोलू नये, हे मला त्याचा चेहरा बघून समजलं. त्याच्या वरिष्ठ बाई आल्या, त्यांना देवीपासून चिंचेपर्यंत सगळी कथा ऐकवली. शेवटी दोघंही हसले आणि त्यांनी मला सोडलं.

विमान धावायला लागलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. वर सामानाच्या कप्प्याकडे बघत होते. तिथली बिजागरी कुठल्या देशातली, कुणी कोरलेली, मला काय ठाऊक. पण ज्यानं ती कोरली त्यानंही कधीतरी एक बिघडलेली बिजागरी हातात घेऊन खरं सांगितलं असेल आणि मग ती कापली असेल. माझ्या डोक्यावरचं दार त्या खरेपणावर टिकून होतं. पर्समधला अर्धा तुकडा मुठीत धरून मी खिडकीतून खाली पाहिलं. खाडी चमकत होती, आणि मला मुळीच भीती वाटत नव्हती.