तिरकी झिजलेली नखी

"घाई न्हाई. बोलू द्या तिला आधी," असं म्हणत गुरुजी गिटारची तार छेडायची नखी वाद्यांच्या दुकानाच्या काचेवर टाकत आणि मान वाकडी करून तिचा आवाज ऐकत. पटला नाही की दुसरी. दुकानात तिला पिक म्हणतात, पण गुरुजी शेवटपर्यंत नखीच म्हणाले.

आमच्या भीमगीतांच्या पार्टीत दोन गिटारी होत्या, एक माझी, एक त्यांची. मी जुन्या जालन्यात मोबाइल दुरुस्त करतो, ते मंठ्याकडच्या शाळेत शिक्षक. ते येण्याआधी गाण्यांमधले गिटारचे सगळे तुकडे माझे होते. ते आले आणि आमचे मुख्य गायक दादा, "हा तुकडा गुरुजींना द्या," म्हणू लागले. पोटात दुखायला माणसाला एवढं पुरतं, तुम्हालाही ठाऊक आहे.

एकदा दुकानदारानं परदेशी, भारी नख्या मागवल्या. तपकिरी, जाड, कडा गुळगुळीत घासलेल्या. गुरुजींनी पाऊण तास घेतला. एकेक नखी अंगठ्यानं वाकवून पाहिली, गालावरून फिरवली, एकच तार वर-खाली छेडली. दुकानदार वैतागला.

"गुरुजी, नवरी पसंत करू राह्यले का?"

"नवरी तर चहा संपायच्या आत पसंत केल्ती. हिला येळ लागतो."

त्यांनी निवडली, तिच्या शेजारची तशीच मी न बघता उचलली. दोन महिने झाले. त्यांची तार भरीव, गोल बोलायची. माझ्या वाजवण्यात तारेच्या आधी नखीची कटकट ऐकू यायची. मी मनाशी पक्कं केलं की चांगली नखी ह्यांनी पळवली आणि मला उरलेली मिळाली.

आमच्यात एक रीत आहे. कार्यक्रमाआधी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर ताटात फुलांशेजारी आम्ही आपापल्या नख्या, तबल्याची हातोडी ठेवतो. वंदना झाली की ज्याची त्यानं उचलायची. तीर्थपुरीच्या कार्यक्रमाला दादांनी आधीच सांगितलं होतं, "जयंतीचा मोठा तुकडा कोण वाजवणार, ते आज ऐकून ठरवतो." वंदना संपत आली होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी गुरुजींची नखी उचलली आणि माझी तिथंच ठेवली.

गुरुजींनी उरलेली घेतली. तिच्या कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, ती खिशात टाकली. मग सगळा कार्यक्रम त्यांनी नुसत्या बोटांनी वाजवला. लोकांनी त्यांचा तुकडा पुन्हा वाजवायला लावला.

आणि मी? त्यांची नखी त्यांच्या हाताच्या कलानं एका बाजूला तिरकी झिजली होती. माझा कल वेगळा. ती तारेत अडकायची, बोटांत फिरायची, एकदा तर मंचावरच पडली. जयंतीचा तुकडा त्यांना मिळाला. चोरीची लाज वाटली असती तर बरं होतं. मला त्यांच्या बोटांचा हेवा वाटत होता.

परतताना जीपमध्ये ते माझ्या शेजारीच बसले होते. आता काढतील विषय, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"भाऊ, हात जड पडू राह्यला तुमचा. मनगट सैल सोडा. नखीत बिलकुल खोट न्हाई."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं असतं.

पुढची चार वर्षं आम्ही शेजारी बसून वाजवलं. त्यांनी नवी नखी घेतली, तिलाही महिनाभरात बोलकी केली. जुनी त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही.

यंदा गुरुजी काविळीनं गेले. भेटायला गेलो तर त्यांच्या बाईंनी बामची एक रिकामी डबी माझ्यापुढे ठेवली. आत माझी नखी होती. माझ्या दोन महिन्यांचे ओरखडे होते तेवढेच, त्यावर एकही नवा नाही.

"तुमची हाय म्हणायचे. मी म्हणलं, मंग देऊन टाका की. तर म्हणे, भाऊ मागायला येतील, तवा देतो."

मागायला गेलो असतो तर त्यांची परत द्यावी लागली असती. ती त्यांच्या घरी बसलो होतो तेव्हाही माझ्या शर्टाच्या खिशात होती. बाई चहा ठेवायला उठल्या. माझा हात खिशापर्यंत गेला आणि तसाच परत आला.