मोठ्यानं न वाचलेला अर्ज

आमच्या ऑफिसात रजेचे अर्ज एक नागपूरचे बाबू घेतात. प्रत्येक अर्ज ते मोठ्यानं वाचतात. कुणाला मूळव्याध झाली, कुणाच्या साल्याचं लग्न आहे, हे सगळ्या हॉलला कळतं. टोकलं तर म्हणतात, "मोठ्यानं वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नाही."

त्यांच्या धास्तीनं मी अर्जात नुसतं 'तब्येत बरी नाही' लिहिलं होतं. पण डॉक्टरांचा कागद जोडावाच लागला. "तब्येत बरी नाही," त्यांनी वाचलं, मागचा कागद उलटला आणि तो मनातल्या मनात वाचला. मग हळूच म्हणाले, "ताई, गर्भपाताची वेगळी रजा असते. ती मागा."

"पण माझा पडला नाही," मी म्हटलं. "रक्तही गेलं नाही. नवव्या आठवड्यात ठोके आतच थांबले."

"पूर्ण पडला, अर्धवट राहिला किंवा आतच थांबला, तरी तो गर्भपातच. माझ्याकडे तिन्ही तऱ्हेचे कागद येतात."

दुसरा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, माझी फक्त सही घेतली आणि तो छातीशी धरून साहेबांकडे निघाले.

"आज पढ़ा नहीं, बाबूजी?" पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

"पढ़ने जैसा क्या है," ते मोठ्यानं म्हणाले. "मॅडम को बुखार है."