रेषेला नमस्कार

शाळेत मी पीटी शिकवायचो. फळ्यावर हृदय काढून पोरांना सांगायचो, धावायच्या नुसत्या धास्तीनं अंगात ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, पोटाकडचं रक्त पायांकडे वळतं. म्हणून धाव संपली तरी एकदम थांबायचं नाही, चालत राहायचं. पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. त्या थांबल्या की रक्त पायांतच साचतं आणि डोक्याला कमी पडतं. एवढं सगळं पाठ होतं मला. मोठा शहाणाच!

आणि घरच्या पोरीला काय शिकवलं? धाव संपली की रेषेवरच थांब, वाकून मातीला हात लाव, मग कपाळाला. माझ्या वडिलांनी आखाड्यात मला लावलेली ही सवय. तीन वर्षं ती यवतमाळच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी पळाली. रोज वाकायची, रोज हसत उठायची. सरावाला कसली आलीय धास्ती?

भरतीच्या दिवशी मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. वयामुळे तिची ही शेवटची संधी. पहाटेपासून ताटकळलेली, पोटात अन्नाचा कण नाही. आठशे मीटर मात्र अशी पळाली की माझेच डोळे भरून आले. रेषा ओलांडली आणि जागच्या जागी थांबली.

"थांबू नको! चालत राय!" मी ओरडलो, तोवर ती वाकली होती. उठली आणि कोसळली.

डॉक्टरांनी तिचे पाय उंच धरायला लावले. शुद्ध आली, पण उठायला गेली की पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी. गोळाफेकीला तिचा नंबर दोनदा पुकारला, मग पुढचा घेतला. संपलं.

ऑटोत ती म्हणाली, "बाबा, म्या तं नमस्कार केलता. मंग असं काहून झालं?"

मी ऑटोवाल्याला घराचा रस्ता सांगू लागलो. आजही त्या मैदानाजवळून जाताना छाती धडधडते, पाय पळायला तयार होतात. पळून जाणार कुठे?

आता उमरखेडचं स्थळ ठरलंय. तिला ते नको होतं, पण ती नाही म्हणाली नाही. साखरपुड्याला माझ्या पाया पडायला वाकली, तसे मी झटकन तिचे खांदे धरले. "राहू दे, माय."

"अजून राग हाये काय माह्यावर?" तिनं हळूच विचारलं.

राग नाही म्हटलं, तर मग का अडवलं ते सांगावं लागलं असतं. मी पाहुण्यांकडे वळलो.