हळद लागलेल्या नवरदेवाचा पांढरा फोटो

"भाऊ, आधी तोंड धुऊन ये," मी म्हटलं.

"तोंड नाई धुत मी," नवरदेव म्हणाला.

नवरदेवाचं नाव यान. पोलंडचा. वाघाच्या विष्ठेवर अभ्यास करायला आमच्या जंगलात आला आणि इथल्याच एका शाळेतल्या मास्तरीणबाईंवर भाळला. मराठी शिकला ती गावात राहून, त्यामुळे डोळे झाकून ऐकलं तर मूल गावच्या बाजारात कोणी वांगी विकून राह्यला असं वाटावं. डोळे उघडले की सहा फूट उंच गोरा माणूस. त्या दिवशी मात्र गोरा नव्हता. कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळाधमक.

माझा चंद्रपुरात फोटो स्टुडिओ आहे, अब्बांच्या काळापासूनचा. आता नुसत्या फोटोवर भागत नाही, म्हणून ऑनलाइन फॉर्मही भरतो. यान मधे पोलंडला जाऊन नवा व्हिसा घेऊन नुकताच परतला होता, त्यामुळे त्याचं काम परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं होतं. लांब मुदतीच्या व्हिसावर आलेल्या माणसानं चौदा दिवसांत पोर्टलवर अर्ज चढवायचा असतो. मग राहण्याचा परवाना मिळतो, आणि तोच त्याचं ओळखपत्र. पासपोर्ट, व्हिसाचं पान, संस्थेचं पत्र, सगळं स्कॅन झालं होतं. घरमालकानं भरायचा सी-फॉर्मही होता. म्हणजे 'हा परदेशी पाहुणा माझ्या घरी राहतो' अशी सरकारला दिलेली वर्दी.

घोडं अडलं फोटोवर. यानभाऊंनी स्वतःच्या हुशारीनं मोबाइलवरचा फोटो चढवला होता. डोळ्यावर गॉगल, मागे सागाचं झाड. तो फोटो त्या सकाळी पोर्टलवरून नामंजूर होऊन परत आला. आज चौदावा दिवस, आणि आजच गोरज मुहूर्तावर लग्न. अर्ज राहिला तर दंड, चौकशी, आणि नवरीच्या बापाच्या डोक्याला घोर. ते आधीच म्हणत होते, "जावयाचे कागद पक्के नाई, तर पोरगी कशी देऊ?"

हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं सोडत नाहीत. त्यामुळे वरातच दुकानात शिरली. घरमालक देवरावभाऊ, जे आज नवरदेवाचे बाप झाले होते. त्यांच्या बाई कमलबाई, हातात हळदीची वाटी. शेजारच्या चार बाया. आणि एक डफडेवाला.

"याले काऊन आणलं?" मी विचारलं.

"त्यानं अॅडव्हान्स घेतला ना भाऊ, बसून काय करल?" देवरावभाऊ म्हणाले.

यानला स्टुलावर बसवलं. हनुवटीखाली लिंबू दिसलं. हातातली कट्यार, तिच्या टोकाला खोचलेलं.

"ती कट्यार खाली ठेव."

"लग्न लागेपर्यंत सोडता नाई येत!" सगळ्या बाया एकदम.

"बरं माय, मांडीवर धरू दे!"

पहिला फोटो आला तो पिकल्या आंब्याचा. पोर्टलला नैसर्गिक रंगाचा चेहरा लागतो आणि मागे पांढरं. कॉम्प्युटरवर पिवळा कमी केला. चेहरा माणसात आला, पण मागचा पांढरा पडदा निळाशार झाला. कारण कॉम्प्युटरला हळद आणि पडदा वेगळे समजत नाहीत, पिवळा काढला की सगळ्यांचाच काढतो. पडदा पांढरा केला की तोंड पिवळं, तोंड नीट केलं की पडदा निळा. चेहरा कापून पांढऱ्यावर चिकटवून पाहिला, तर त्याचे कुरळे सोनेरी केस सगळे उडाले. नुसता सोललेला दुधी दिसायला लागला.

तीन वाजले. माझं डोकं फिरलं. "बेसन लावा, दूध लावा, काय वाट्टेल ते करा, पण हे तोंड धुवा!"

मग कमलबाई हळूच बोलल्या, "सलीमभाऊ, याच्या मायले व्हिसा नाई भेटला. सकाळी व्हिडिओवर होती. तिनं तिकडून दोन बोटं पुढे केली, मी तिच्या नावानं पयली हळद लावली. लय रडली बिचारी."

"मायची हळद हाय ती," यान म्हणाला. "दंड भरीन, पण धुणार नाई."

मी मोठ्यानं खाकरलो आणि म्हटलं, आणखी एक काढू.

कमलबाई बाजूला सरकताना पडद्याला टेकल्या. पांढऱ्या पडद्यावर हळदीचा पूर्ण पंजा!

"अहो बाई, माझा पडदा!" मी ओरडलो. पण बटण आधीच दाबलं गेलं होतं. चिडतच फोटो उघडला, सवयीनं पिवळा कमी केला, आणि पाहतच राहिलो. पडदा निळा. चेहरा नीट. आणि पंजा? पांढराशुभ्र!

मी खुर्चीवरून उडी मारली. "पडदा रंगवा! सगळा! उरलेली हळद लावा!"

बायांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. डफडं सुरू झालं. चार बाया, कमलबाई, देवरावभाऊ, सगळे पडद्याला हळद चोळून राह्यले. कोणीतरी माझ्याही गालाला फासली. शेजारचा मोबाइलवाला पाहायला आला, त्यालाही सोडलं नाही. हसत हसतच मी कॅमेऱ्यामागे गेलो.

फोटो काढला. पिवळा काढला. मागे कागदासारखं पांढरं, पुढे निरोगी, गोरा यान. फक्त बुबुळाभोवतीचं पांढरं निळसर झालं होतं, तेवढं ब्रशनं हातानं नीट केलं. फोटो पोर्टलवर चढवला. चक्र फिरत राहिलं, डफडंही थांबलं. मग हिरवी ओळ आली, अर्ज दाखल झाला. देवरावभाऊंनी नवरीच्या बापाला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "पोरगी तयार ठेवा."

काही दिवसांनी परवाना आला. यान बायकोसोबत प्रिंट घ्यायला आला. मी एक कॉपी जास्तीची काढून दिली, आईला पाठवायला.

पडद्याचा डाग अजून गेला नाही, नवा आणावा लागला. पण चाळीस वर्षं मी उलटं करत आलो होतो. आता दुकानात नवीन लागणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो: गिऱ्हाइकाला तोंड धुवायला सांगण्याआधी आपला पडदा बदलून पाहावा.