भोंग्याचे पंधरा दिवस

त्या मुलीला घरात नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे तिला भोंगा म्हणत. नऊ वर्षांची पोर, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्याचे कान किटेपर्यंत थांबायची नाही. जेवताना बोलायची, दात घासताना बोलायची, झोपेत तर प्रश्न विचारून वर उत्तराची वाट पाहायची. वडील शिंपी होते, घराखालीच त्यांचं दुकान. लेकीच्या बडबडीपेक्षा त्यांना शिवणयंत्राचा खडखडाट बरा वाटायचा. पाय उचलला की यंत्र निदान गप्प तरी बसे.

मग शाळेत सामने झाले. आपल्या वर्गाला जिंकवायचं म्हणून भोंगा दिवसभर ओरडली. वर्ग हरला तो हरलाच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घशातून नुसती हवा यायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी आ करायला लावून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. "आतून चांगलीच सूज आलीय. पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"पंधरा?" आईनं विचारलं. "वीस केले तर चालतील का?"

वडिलांनी तिला कपड्यांचे नमुने कापून उरलेल्या खाकी कागदाच्या पट्ट्या दिल्या, सोबत पेन्सिलीचं थोटूक. "काय हवं ते लिहून माग."

सुरुवातीला तिनं तेवढंच लिहिलं. पाणी. भूक लागली. दादानं चिमटा काढला. तिसरी पट्टी आईनं वाचली आणि तशीच परत दिली. भोंग्याला भारी राग आला. तिनं पट्टी उलटी करून लिहिलं: "दादानं आपली नखं शेजारच्या मांजराला उसनी दिली होती. आज ती धार लावून परत आलीत."

आई खो खो हसली. पट्टी शेजारच्या काकूंना वाचून दाखवली, मग दादाला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. भोंगा बघतच राहिली. चिमटा तोच होता, मग हे आक्रीत घडलं कसं?

त्या दिवसापासून पट्ट्या लांब व्हायला लागल्या. आजोबांना ऐकू येत नसे. एवढी वर्षं नात तोंड हलवायची आणि ते मान डोलवायचे. आता चष्मा पुसून त्यांनी एकामागून एक पट्ट्या वाचल्या.

"अगं, तू इतकं मजेशीर बोलतेस होय?" ते म्हणाले. "मला वाटायचं, तुला सारखी भूकच लागते!"

मग ती दुकानात कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांवर लिहायला लागली. बँडमास्तर नव्या कोटाचं माप द्यायला आले होते. गडी आडदांड, पण टेप कमरेला लागला की श्वास असा ओढून धरायचे की पोट गावाला गेल्यासारखं गायब. बाबा तोंडानं "अडतीस" म्हणाले आणि लिहिताना बेचाळीस लिहिलं. भोंग्यानं ते टिपलं: "मास्तरांचं पोट टेपाला घाबरतं. टेप दिसला की पाठीमागे जाऊन लपतं. पण बाबा त्याला ओळखतात. ते नसलं तरी त्याच्यासाठी चार इंच जागा राखून ठेवतात."

कोट तयार झाला तेव्हा बाबांनी घाईत मापाची चिठ्ठी समजून नेमकी हीच पट्टी कोटाला टाचली आणि कोट घरी पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर दारात उभे. अंगात तो कोट, हातात ती पट्टी.

"हे कोणी लिहिलं?"

दुकानात तिघं होते. एकाच्या तोंडात टाचण्या, एकीच्या तोंडाला कुलूप, आणि तिसऱ्याला प्रश्नच ऐकू आला नव्हता. शेवटी भोंग्यानं बोट वर केलं.

मास्तर तिच्यासमोर स्टुलावर बसले. "पाठीमागे लपतं? पाठीमागे जागा कुठाय, बाळ? हे बघ." त्यांनी श्वास ओढला. पोट वर सरकलं, छाती फुगली, चेहरा लालबुंद झाला. कसाबसा श्वास सोडत ते म्हणाले, "छातीत लपतं! लिहायचं तर नीट बघून लिही की."

तिला आधी रागच आला. तरी तिनं शब्द खोडला, "छातीत" लिहिलं आणि वाक्य पुन्हा वाचलं. मास्तरांचं खरं होतं. एका शब्दानं वाक्य कसं अंगाबरोबर बसलं होतं! तिचे कान गरम झाले. बोललेलं वाऱ्यावर जातं, हे मात्र उसवून पुन्हा शिवता येतं, हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं.

"आता आमच्या ट्रम्पेटवाल्यावर लिही," जाता जाता मास्तर म्हणाले. "फार शहाणा समजतो स्वतःला."

पंधरा दिवस संपले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हं, बोल आता." आईनं देवाचं नाव घेत डोळे मिटले.

"बाबा," भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कागद संपलाय."

बडबड काही गेली नाही, फक्त तिला पेन्सिल ही जोडीदारीण मिळाली. आता मोठी झालेली भोंगा दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते. मुलांसाठीच्या गोष्टींची तिची दोन पुस्तकं निघालीत. तिसऱ्यातली राक्षसीण काही केल्या मरत नाहीये. परवा काउंटरवरून चाललेली तिची ही तक्रार ऐकून डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे ना, जगू दे तिला." तर खुर्चीत आ वासून बसलेल्या आजीबाईंनी जोरजोरात मान हलवून कडाडून विरोध केला.